शिवेवरचा गाडा

श्रीमंत : न्हाई काका. दुसरं काय बी सांगा, मरीआईचा गाडा रस्त्याकडंला सारायला मी हात लावनार न्हाई.

नृसिंह : हात लावणार नाही म्हणे. गावातून ओढत नेला तेव्हा सगळ्यांत पुढं कोण होतं? या पडवीतून पाहिलंय मी तुला.

श्रीमंत : तवा गावातनं भाईर न्यायचा हुता. समद्या गावानं वढला. कुंभाराची सून पटकीनं गेली, तिच्या मागनं तिचा सासरा गेला, मग गाव गप बसल व्हय? रोग गाड्यात घातला, शिवंपातुर नेला, नारळ फोडला. तितनं फुडं फुडच्या गावानं वढायचा. वाडवडलांपास्नं हेच हाय.

नृसिंह : आणि पुढच्या गावानं काय केलं? चिंचवाडीची माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. आमच्या हद्दीत चाक घातलंत तर टाळकी फोडू म्हणाली. तेव्हापासून तुमची मरीआई भर रस्त्यात ठाण मांडून बसलीय. लिंबाचे डहाळे, हिरव्या बांगड्या, दहीभाताचं मडकं, मेलेल्या माणसांच्या चिंध्या. आणि उद्या त्याच रस्त्यानं तू माझे पाहुणे आणणार. रविकांत, त्याची बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. गाडा दिसला की बैल मागं वळवायला सांगतील.

श्रीमंत : सांगितलं तर वळवीन. माजं काय.

अंबिका : खरं बोलतोय तो. नरसू, त्यांना येऊ नका म्हणून कळव.

नृसिंह : कुठं कळवू अक्का? मुंबई सोडली त्यांनी. पुण्यात मेहुण्याकडं उतरलेत, उद्या नगरहून सर्विस गाडीनं मिरजगावात येतील. आणि का कळवू? गोदीत बोट उडाली तेव्हा गिरगावात त्यांच्या खिडकीच्या काचा म्हातारीच्या अंथरुणावर पडल्या. लेकरं ताटावरून दचकून उठतात म्हणे. कुणी म्हणतं जपान्यानं बाँब टाकला, कुणी म्हणतं अजून एक बोट भरलेली उभी आहे. अशा माणसांना येऊ नका म्हणायचं?

अंबिका : आगीतून निघालीत बिचारी, आणि आपण फुफाट्यात बोलावतोय. गावात पटकी आहे रे.

नृसिंह : होती. दोन माणसं गेली, त्यानंतर कुणी पडलं नाही. आणि तू मला बेचाळीस साल विसरायला लावू नकोस. जपानी येणार म्हणून निम्मी मुंबई वाट फुटेल तिकडं पांगली होती. तोवर या उंबरेश्वराला पंचक्रोशीपलीकडं कोण ओळखत होतं? त्या उन्हाळ्यात देवळाच्या ओवऱ्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी अभिषेकाला रांग, संध्याकाळी ओढ्यावर हवा खायला रांग. बाँब काही पडला नाही, माणसं परत गेली. जाताना सगळी म्हणाली, दरसाल येतो. मग?

अंबिका : मग आपण ओवऱ्यांना दारं बसवली आणि वाट बघत राहिलो.

नृसिंह : कारण आगगाड्या सोल्जरांनी भरल्या. पेट्रोलला कूपनं आली, सर्विस गाडी कोळशाच्या धुरावर खोकत खोकत यायला लागली. गेल्या साली चिटपाखरू फिरकलं नाही. आता गोदी उडाल्यावर पुन्हा आठवण झाली. माणसं देवाला येत नाहीत, अक्का. भीतीनं येतात आणि भीतीनंच जातात. देव आपला मधल्या मधे बसलेला.

अंबिका : आणि आपण टपून बसलेले, कुणावर काय कोसळतंय म्हणून.

नृसिंह : मी कोसळवत नाही. कोसळल्यावर आसरा देतो. श्रीमंता, तुझे बैल गेल्या साली काय खात होते ते आठव जरा.

श्रीमंत : आठवतंय. उसाचं वाडं मागून आनत हुतो दारोदार. पर बैलांपायी लेकरं देवीच्या तोंडी देऊ का? मागं वढला गाडा की ती बी मागं येती. ज्यानं वढला त्याच्या दारात पयली. जातो मी. सकाळच्याला मिरजगावला जाईन, मानसं आनीन. रस्त्यात काय दिसंल ते दिसंल.

नृसिंह : ऐकलंस, अक्का? हे बिऱ्हाड माघारी गेलं की संपलं. मुंबईची सगळी एकमेकांच्या सांगण्यावर येणारी माणसं. एक मागं फिरलं की दहा घरी बसतात. मग मी तरी इथं बसून काय करू? केडगावचा माझा मित्र शामकांत कधीचा मागं लागलाय. मिलिटरीच्या कोठारात कारकून हवेत. ओवऱ्यांना कुलूप घालून जाईन.

अंबिका : आणि मी?

नृसिंह : तिथं एका खोलीत इतर कारकुनांबरोबर राहायचं. तुला पाथर्डीला सासरी पोचवीन.

अंबिका : पाथर्डीला.

नृसिंह : दुसरं कोण आहे तुझं?

अंबिका : कुणी नाही. माहीत आहे मला. तिथं जात्यावर मी, पाण्याला मी, आणि पंगत उठल्यावर खरवड काढायला मी. नवरा गेलेली बाई म्हणून सणाच्या दिवशी माजघरात कोंडून घातलेली. नरसू, इथं परकी माणसं ताटावर बसली की विचारतात, अक्का, आज भाजीला काय घातलंत? माझ्या हाताला इथं चव आहे म्हणतात. तिथं मला हात आहेत एवढंच ठाऊक होतं त्यांना.

नृसिंह : म्हणून तर सांगतोय.

अंबिका : नको सांगूस. श्रीमंता, अजून अंगणातच आहेस ना? थांब जरा. एवढं ऐकून जा. आपली शीव कशानं धरलीय?

श्रीमंत : वढ्यानं. वढ्याच्या अल्याड आपून, पल्याड चिंचवाडी.

अंबिका : म्हणजे ओढा कुणाच्यातच नाही. ना आपल्या गावात, ना त्यांच्या.

श्रीमंत : तसंच म्हनायचं.

अंबिका : मग गाडा जिथं आहे तिथून सरळ खाली ओढ्यात उतरवला, तर तो मागं आला असं होतं का?

श्रीमंत : मागं न्हाई... पर फुडं बी न्हाई.

अंबिका : शिवेवर होता, शिवेवरच राहिला. खाली करंजांची जाळी आहे दाट. तिच्यात ठेवलास तर देवीला सावली होईल, आणि रस्त्यावरून कुणाला दिसायचा नाही.

नृसिंह : अगदी शास्त्रात बसतं. या देवळाचा पुजारी म्हणून सांगतो, काही दोष नाही.

श्रीमंत : तुमचं नगं, काका. तुमी गाडा रस्त्याकडंला सारा म्हनत हुता. अक्का सांगत्यात का?

अंबिका : मी सांगतेय. नारळ घेऊन जा. हात जोड, आणि सावकाश उतरव.

श्रीमंत : अन् त्यातल्या चिंध्या? कुंभारनीची गोधडी हाय, म्हाताऱ्याची धोतरं हायती.

अंबिका : जसं आहे तसं राहू दे. त्याला कशाला शिवतोस.

श्रीमंत : बरं. तुमचा शब्द म्हनून. उतरवतो.

नृसिंह : देव तुझं भलं करो. अक्का, दारावरचे लिंबाचे डहाळे काढून टाक आता. दाराला लिंब म्हणजे गावात रोग, हे मुंबईच्या माणसालासुद्धा कळतं. आणि पाण्याचं बघायला हवं. औषधवाल्यानं विहिरीत ती लाल पूड टाकलीय. पाणी कसं दिसतंय पाहिलंस? करवंदं धुतल्यासारखं. पहिल्याच तांब्याला विचारतील, हे काय म्हणून.

अंबिका : औषधवाला म्हणाला होता, तेच प्या. नाहीतर उकळून प्या.

नृसिंह : आपण पिऊ की. नाक दाबून पिऊ. पाहुण्यांना मात्र झिऱ्याचं. देवळामागं ओढ्यात इतका सुंदर झिरा असताना लाल पाणी कोण पाजतंय? वाळूतून गाळून येतं, काचेसारखं. मी स्वतः कावडीनं आणीन, दुहेरी पंच्यातून गाळून देईन. मग तर झालं?

अंबिका : झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं चाललंय आपलं.

नृसिंह : मूठ उघडून कुणाचं पोट भरलंय?

(वैशाख सरत आला आहे. तीच पडवी. ऊन कलले आहे, आणि श्रीमंत नुकताच गाडी सोडून आला आहे.)

श्रीमंत : बसवून दिली समद्यांना सर्विस गाडीत. लेकरं झोपली हुती. त्येंची आई, विजयाबाई, त्यास्नी मांडीवर घिऊन बसल्या.

नृसिंह : आणि रविकांत?

श्रीमंत : त्येंचं एकच चाललं हुतं. आई नगं नगं म्हनत हुती, मीच आमरसाची दुसरी वाटी वाढली. तिला आंबा सोसत नव्हता, ठावं हुतं मला, तरी बी मागं लागलो. म्या मारली आईला. हे आपलं माज्याकडं बघून न्हाई हं अक्का, बैलांच्या पाठीकडं बघून. वेशीपास्नं मिरजगावपातुर.

अंबिका : आंबा बाधला, हे त्याच्या डोक्यात कुणी घातलं?

नृसिंह : अक्का, झालं गेलं...

अंबिका : विचारतेय ते सांग.

नृसिंह : मी म्हटलं. तो विचारत होता, आईला झालं काय असं. उलट्या, जुलाब, सकाळी हसत बोलणारी बाई संध्याकाळपर्यंत चिपाड झाली. मी काय सांगायला हवं होतं? वय झालेलं, वर हे ऊन, रस थोडा जास्त झाला असेल, असं म्हटलं. त्याला पटलं.

अंबिका : पटायचंच. दुसरं काही त्याला दिसूच दिलं नाही आपण.

नृसिंह : काय दिसायचं होतं?

अंबिका : नरसू, म्हातारी गिरगाव सोडायला तयार नव्हती. मला सगळं सांगायची, भाजी निवडायला बसली की. म्हणाली, काचा अंगावर पडल्या तरी मी म्हटलं, पडू देत, मला इथंच राहू द्या. रविकांतानं हातापाया पडून आणली. आणि इथं आल्यावर काय म्हणाली? जन्म नळाचं पाणी पिण्यात गेला, अक्का, असं गोड पाणी जिभेला लागलं नव्हतं. निजताना उशाशी तांब्या लागायचा तिला. पितळेचा, झाकणाचा. मी भरून ठेवत होते.

नृसिंह : झिऱ्याचं पाणी चांगलंच आहे. आजोबांच्या वेळेपासून...

अंबिका : वळीव झाला, त्याला आठवडा झाला असेल. ओढा गुडघाभर वाहिला होता, आठवतं? त्यानंतर तू रोज कावड घेऊन गेलास. वाकून भरून आणलीस. कधी वर बघितलंस?

नृसिंह : वर म्हणजे?

अंबिका : झिऱ्याच्या वरच्या अंगाला. मी आज गेले होते. म्हटलं, म्हातारीच्या नावानं तिच्या आवडीच्या पाण्याची ओंजळ सोडावी. तिथं करंजाच्या मुळांत गोधडी अडकलीय. आईचं हिरवं इरकली लुगडं होतं ना, त्याचे तुकडे मी कुंभाराच्या सुनेला दिले होते. पोटुशी होती ती, गोधडी शिवायची म्हणाली. त्या काठांवरून आईच्या मांडीवर हात फिरवलाय मी, नरसू. चिखलात असले तरी ओळखते. एक टोक मुळांत आहे. दुसरं झिऱ्यात बुडालंय.

श्रीमंत : पर गाडा तर लई वर ठिवला हुता. जाळीत. चाकाला दगूड लावून.

अंबिका : गाडा तिथंच आहे. कलंडलाय, चाक गाळात गेलंय. आतलं सगळं पाण्यानं खाली आणलं.

श्रीमंत : म्या उतरवला त्यो.

अंबिका : मी उतरव म्हणाले.

नृसिंह : मी गाळून आणत होतो. दुहेरी पंच्यानं. रोज पंचा धूत होतो.

अंबिका : हो. आणि आपण दोघं लाल पाणी पीत होतो, नाक दाबून. चांगलं ते पाहुण्यांना. विजया लेकरांना पाणी तापवून देत होती, गावचं पाणी मानवायचं नाही म्हणून. रविकांत आठवडाभर चहावरच होता. राहिली ती म्हातारी. गावात विहिरीचं पिणारं एकही माणूस पडलं नाही. आपलीच पाहुणी पडली.

नृसिंह : हे कुणाला कळलेलं नाही ना अजून?

अंबिका : तुला कळलंय. मला कळलंय. ह्याला कळलंय.

श्रीमंत : काका, अजून एक हाय. सांगू का नगं, असं झालंय.

नृसिंह : सांग.

श्रीमंत : मिरजगावात स्टँडवर मुंबईची दोन बिऱ्हाडं उतरल्यात. रविकांतरावांच्या वळखीची. त्येंच्या गळ्यात पडून रडले रविकांतराव. मग त्या लोकांनी इचारलं, आमी जावं का न्हाई उंबरेश्वराला? तर म्हनले, डोळं झाकून जा. आईची वेळ भरली हुती, माजंच चुकलं. पर तितली मानसं देवमानसं हायती. अक्कांनी माज्या आईचं जे केलं, ते पोटच्या लेकीनं केलं नसतं. आज रातीला धर्मशाळंत टेकल्यात. सकाळच्याला गाडी घेऊन बोलवलंय मला.

नृसिंह : दोन बिऱ्हाडं.

श्रीमंत : व्हय. अन् मागनं अजून येनार हायती म्हनं.

नृसिंह : झिरा उपसून टाकता येईल. गोधडी काढून जाळू. ह्या खेपेला विहिरीचंच पाणी देऊ, लाल तर लाल. नाहीतर उकळून देऊ, हंडाच्या हंडा. काय अक्का? आता आपल्याला कळलंय ना कशानं झालं ते. आता नाही होणार.

अंबिका : लाल का, असं विचारलं की काय सांगशील?

नृसिंह : सांगू काहीतरी.

अंबिका : तेच म्हणतेय मी. काहीतरी सांगू. मग ते झाकायला आणखी काहीतरी. एवढ्यात शिकलोय आपण ते.

नृसिंह : आणि ही माणसं माघारी गेली तर? नीट विचार कर. कुलूप लावावं लागेल. मग मला...

अंबिका : मला पाथर्डीला पोचव.

नृसिंह : रागानं बोलतेस.

अंबिका : राग कुणावर करू? पोचव म्हणतेय. जात्याला माझी सवय आहे. श्रीमंता, उजेड आहे तोवर ओढ्यात उतर. तो गाडा वर काढ आणि जिथं होता तिथं नेऊन ठेव. कडेला नको, रस्त्यात आडवा.

श्रीमंत : सकाळी मीच जानार हाय की त्येंच्याकडं. त्यापरीस तोंडानं सांगतो, येऊ नगा.

अंबिका : रविकांतानं डोळे झाकून जा म्हटल्यावर तुझं गाडीवानाचं कोण ऐकतंय? तू नाही आणलंस तर दुसऱ्या गाडीनं येतील. भ्यालेली माणसं आहेत ती, कुठंतरी जायचंच आहे त्यांना. आणि मागून येणारी तुला विचारणारसुद्धा नाहीत. गाडा पाहिला की कुणाला काही सांगावं लागत नाही.

श्रीमंत : अन् मी काय सांगू त्यास्नी?

अंबिका : एक निरोप सांग. परत मुंबईला गेलात की रविकांताला म्हणावं, आंबा नव्हता. पाणी होतं, आणि ते आम्ही पाजलं.

नृसिंह : अक्का, हा निरोप गिरगावात पोचला की उंबरेश्वराचं नाव कुणी घ्यायचं नाही. लढाई संपली तरी नाही. आपल्या हयातीत नाही.

अंबिका : तो पोरगा जन्मभर आंबा तोंडाला लावायचा नाही, नरसू. आणि लेकरांना आजी आठवली की स्वतःकडं बघत बसायचा. ते तू कुठल्या कुलपात घालणार आहेस?

श्रीमंत : जातो मग. पर अक्का, एकट्याला त्यो निघायचा न्हाई. चाक गाळात हाय म्हनता. अन् गावातलं कुनी आता त्याला हात लावायचं न्हाई.

अंबिका : मी येते.

नृसिंह : तू बस. श्रीमंता, थांब, धोतर खोचू दे.

श्रीमंत : तुमी, काका? मरीआईचा गाडा?

नृसिंह : तू पुढं धर. मी मागून रेटतो.

श्रीमंत : लोकं बगत्याल.

नृसिंह : बघू देत. बघण्यासाठीच तर काढायचाय. चल.

अंबिका : येताना लिंबाचे डहाळे आणा दाराला. आणि हातपाय विहिरीवर धुवा, झिऱ्यावर नको.